काम, सेवा आणि गाळलेला अर्थ

१

मराठीतील लोकप्रिय गीतांची वर्गवारी पुरुषार्थांच्या आधारे करण्याची रीत वर्गाध्यापनात आणि समीक्षालेखनात चांगलीच रुळलेली आहे. हिंदू जीवनदृष्टी माणसाची उद्दिष्टे ठरवून देते, गीत हे त्या जीवनाचे प्रतिबिंब असते, म्हणून गीतेही त्या उद्दिष्टांच्या क्रमाने लावता येतात, असा तिचा सरळ युक्तिवाद असतो. लावणी कामाच्या खात्यावर मांडली जाते, अभंग आणि भक्तिगीत सेवेच्या. एकीकडे सुखोपभोग, दुसरीकडे समर्पण आणि या दोहोंच्या मधून उपभोगाकडून समर्पणाकडे नेणारी एक चढण. ही मांडणी सुटसुटीत आहे, उत्तरपत्रिकेत ती शोभून दिसते आणि परंपरेविषयीचा आदरही तीतून आपोआप व्यक्त होतो. तिच्यावर आक्षेप एवढाच की, ती परंपरेलाही धरून नाही आणि गीतांनाही.

या मांडणीचे प्रचलित रूप इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील एका सुप्रसिद्ध मांडणीशी मिळतेजुळते आहे. ह्यूस्टन स्मिथ यांच्या 'द रिलिजन्स ऑफ मॅन' (१९५८) या ग्रंथातील हिंदू धर्मावरील प्रकरण माणसाला काय हवे असते या प्रश्नाभोवती रचलेले आहे. प्रथम सुख, मग ऐहिक यश, मग कर्तव्य, म्हणजेच समाजाची सेवा, आणि अखेरीस मुक्ती, असा त्याचा क्रम आहे. पहिली दोन उद्दिष्टे वासनेच्या मार्गावरची, तिसऱ्यापासून त्यागाचा मार्ग सुरू होतो. अमेरिकन वाचकाला सहानुभूतीने परिचय करून देण्यासाठी ही रचना होती आणि ते काम तिने केले. परंतु पाहुण्याला वर नेण्यासाठी बांधलेला जिना घरच्यांनी घराचा नकाशा म्हणून वापरावा, हे काही बरोबर नाही. त्यातही मराठी गीतांना ही चौकट लावताना जिन्याची एक पायरी हमखास नाहीशी होते. सुख राहते, सेवा राहते. मधला 'अर्थ', म्हणजे द्रव्य, उपजीविका, मोबदला, तेवढा गळतो. हा लोप अनवधानाचा नाही. काम आणि सेवा ही जोडी अर्थ गाळल्याखेरीज जमतच नाही.

२

प्रथम शास्त्राचा प्रश्न. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चौकडीत 'सेवा' कोठेही नाही. किंबहुना ज्या शास्त्रपरंपरेच्या नावाने सेवेला उद्दिष्टाचे स्थान दिले जाते, तिची सेवेविषयीची दृष्टी अगदी वेगळी आहे. मनुस्मृतीचा चौथा अध्याय ब्राह्मणाच्या उपजीविकेचे प्रकार सांगताना सेवेला 'श्ववृत्ती' ठरवतो आणि ती टाळण्यास सांगतो. त्याच ग्रंथाचा पहिला अध्याय शूद्राला मात्र एकच कर्म नेमून देतो: वरच्या तिन्ही वर्णांची शुश्रूषा, आणि तीही असूया न बाळगता. दोन्ही वचने एकत्र वाचली म्हणजे चित्र स्पष्ट होते. सेवा हे सर्व माणसांनी गाठावयाचे उद्दिष्ट नव्हते; ती काहींनी टाळावयाची आणि इतरांनी मुकाट्याने करावयाची वृत्ती होती.

सेवेला उदात्त अर्थ दोन वाटांनी आला. एक वाट भक्तीची. नवविधा भक्तीत पादसेवन आणि दास्य यांना स्थान आहे. वारकरी संतांनी मोक्षापेक्षा भक्तिसुखाला वरचढ मानले आणि चैतन्य संप्रदायाने तर प्रेमाला पाचवा पुरुषार्थच म्हटले. परंतु येथे सेव्य आहे तो देव, आणि सेवेची भाषा आहे ती सुखाची, गोडीची, आवडीची. म्हणजे ज्या ठिकाणी सेवा खरोखर पुरुषार्थाच्या तोलाची झाली, त्याच ठिकाणी काम आणि सेवा यांच्यातील सीमा पुसली गेली. दुसरी वाट आधुनिक. १९०५ साली पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि निष्काम कर्माचा लोकसंग्रहाशी असलेला संबंध सुशिक्षित मराठी मनात दृढ झाला. या सेवेचे मोल निर्विवाद आहे. मात्र तिची पूर्वअट अशी की, ती करणाऱ्याला न करण्याचे स्वातंत्र्य होते. ज्याच्यावर सेवा जन्माने लादलेली नाही त्यानेच ती व्रत म्हणून पत्करता येते. हा आधुनिक अर्थ जुन्या गीतांवर मागे नेऊन चढवला की, पत्करलेली सेवा आणि लादलेली सेवा यांतील भेद नाहीसा होतो. पुरुषार्थवादी समीक्षेचा पहिला अपराध हा आहे.

३

आता लावणी. ती कामप्रधान आहे हे विधान इतके सर्वमान्य आहे की, त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. तपासणी कामशास्त्रापासूनच सुरू करावी. वात्स्यायन आपल्या ग्रंथाच्या आरंभीच धर्म, अर्थ आणि काम यांचे तारतम्य सांगतो. तिन्ही एकत्र आल्यास आधीचा नंतरच्यापेक्षा श्रेष्ठ, असा सामान्य नियम दिल्यावर तो त्याला अपवाद सांगतो: राजाच्या बाबतीत अर्थ प्रधान, आणि वेश्येच्या बाबतीतही. कामसूत्राचे सहावे अधिकरण सगळे वेश्येच्या व्यवहाराला वाहिलेले आहे आणि त्याचा मुख्य विषय उपजीविका हाच आहे. म्हणजे जे शृंगारगीत उपजीविकेसाठी गायले जाते ते गाणारीच्या दृष्टीने कामाचे नसून अर्थाचे आहे, हे खुद्द कामशास्त्राच्या आचार्याला ठाऊक होते. ते लक्षात घ्यायचे नाकारते ती आजची समीक्षा. फडावर बसलेल्याचा काम आणि फडावर उभी असलेलीचा अर्थ, असे दोन पुरुषार्थ एकाच गीतात एकाच वेळी नांदत असतात. समीक्षा बसलेल्याच्या जागेवरून ऐकते आणि त्याचाच पुरुषार्थ गीताचा म्हणून नोंदवते.

तमाशाला ही गोष्ट कधीच लपवावीशी वाटली नाही. गाणे थांबवून प्रेक्षकाने पैसे देणे, त्याचे नाव पुकारले जाणे, पुन्हा गाणे सुरू होणे, ही दौलतजादा प्रयोगाच्या बाहेरची गोष्ट नव्हे. ती प्रयोगाच्या बांधणीतच बसलेली आहे. लावणीतील नायिका शालू मागते, दागिना मागते, रुसते, घासाघीस करते. समीक्षेने या मागण्यांना शृंगाराचे विभाव म्हणून मांडले किंवा स्त्रीसुलभ हौस म्हणून कौतुकाने सोडून दिले. वस्तुतः मागणी हा लावणीचा कणाच आहे. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातील ग. दि. माडगूळकरांची 'बुगडी' घरोघरी पोचली. त्या गाण्याचे सगळे गुपित कानातल्या एका हरवलेल्या दागिन्याभोवती गुंफलेले आहे. दागिना हे प्रीतीचे चिन्ह असते हे खरे. पण ज्या बाईच्या नावावर जमीन नाही आणि वतन नाही तिची मालमत्ताही तोच असतो, हेही तितकेच खरे. रसचर्चेला पहिले ऐकू येते, दुसरे येत नाही.

येथे स्वराचा प्रश्नही उपस्थित होतो. होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम या शाहिरांच्या लावण्यांत 'मी' म्हणणारी बहुधा स्त्री असते आणि रचणारा पुरुष असतो. तिची इच्छा ही त्याची रचना आहे. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात पेशवाईतील लावणीचा संबंध कनिष्ठ जातींतील स्त्रियांच्या देहावरील हक्काशी आणि बटकीच्या संस्थेशी जोडून दाखवला. सदैव आतुर अशी स्त्री रंगवणे हे त्या हक्काचे समर्थन होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शैलजा पाईक यांचा २०२२ सालचा ग्रंथ तमाशातील दलित स्त्रियांच्या संदर्भात 'अश्लील' हा शब्दच जातीच्या अंगाने तपासतो. या संशोधनानंतरही लावणीला निखळ 'कामपुरुषार्थाचे' गीत म्हणत राहणे हा आता भाबडेपणा उरलेला नाही.

सेवा हा शब्द या क्षेत्रातही आहे; प्रश्न तो कोणाला मिळतो एवढाच आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), ब्राह्मण घर सोडून तमाशात आले. त्यांच्या या कृतीला त्याग म्हटले जाते, त्यांच्या लेखनाला कलेची सेवा. त्यांच्या फडाला जिच्यामुळे कीर्ती लाभली ती पवळा महार समाजातील होती. तिच्या नाचगाण्याला मात्र 'सेवा' हा शब्द सहसा लावला जात नाही. एकाच फडावर, एकाच रात्री, एकाच लावणीत पुरुषाची कलासेवा आणि स्त्रीचा धंदा! पुरुषार्थ या शब्दातील 'पुरुष' म्हणजे माणूस, असे व्याकरण सांगते. व्यवहार वेगळे सांगतो.

४

लावणीत अर्थ गाळल्याने काम शिल्लक राहतो. अभंगात अर्थ गाळल्याने सेवा शिल्लक राहते. याचे सर्वांत बोलके उदाहरण चोखामेळ्याचा जोहार हे होय. 'जोहार' हे महाराने गावापुढे वाकून करावयाचे अभिवादन. एकनाथांच्या भारुडांतही जोहार आहेत. परंतु चोखोबाच्या तोंडी तो रूपक राहत नाही. मालकाच्या दारी भुकेलेला सेवक उभा आहे, उष्ट्याच्या आशेने पाटी घेऊन आलेला आहे, हे त्यातील दृश्य गावगाड्यातील रोजच्या व्यवहाराचे आहे. हाच जोहार १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या 'कान्होपात्रा' या संगीत नाटकात बालगंधर्वांनी गायला, मास्टर कृष्णरावांच्या चालीत, आणि तेव्हापासून तो मराठी भक्तिसंगीताचा लाडका ठेवा झालेला आहे.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे गावाची आणि सरकारची अमर्याद चाकरी आणि तिच्या बदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते. या चाकरीला वेळेचे बंधन नव्हते आणि मोबदल्याला भरवसा नव्हता. म्हणजे कायदेमंडळात ज्या सेवेचा मोबदला मागितला जात होता, तिचेच गीत तीन वर्षांनी रंगभूमीवर भक्तीची पराकोटी म्हणून ऐकले जाऊ लागले. ही वतने रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. बालगंधर्वांच्या स्वराचे सौंदर्य यामुळे उणे होत नाही, किंवा त्या गायनात काही कपट होते असेही नाही. दोष आहे तो ऐकण्याच्या शिस्तीत. जोहार हे 'सेवाभावाचे' गीत आहे असे म्हणणारी समीक्षा भुकेच्या तक्रारीला नम्रतेचे प्रमाणपत्र देते. उष्टे मागणारा माणूस देवाच्या दारी आपला हिशेबही मांडत असतो. उष्ट्याची मागणी हा सेवेचा अलंकार नव्हे, ते तिचे थकलेले वेतन आहे. सत्यशोधकी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा आकृतिबंध उचलून त्याचा आशय पालटला, त्यामागे हे ऐकण्याचे भान होते.

५

उपभोगाकडून समर्पणाकडे जाणारी चढण मराठी मनावर ठसवण्याचे काम ग्रंथांपेक्षा चित्रपटांनी अधिक केले. १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी', १९५१ चा 'अमर भूपाळी' आणि १९७२ चा 'पिंजरा', या प्रभात-राजकमलच्या संस्कारातील तिन्ही चित्रपटांत तमाशाच्या मोहाकडे वळून पाहणारी एक नैतिक दृष्टी आहे. राम जोशी लावणीकडून कीर्तनाकडे वळतात, होनाजी भूपाळीमुळे अमर होतो, 'पिंजऱ्या'तील मास्तर घसरतो आणि त्याची किंमत मोजतो. चढण असो की घसरण, जिना तोच. तिन्ही चित्रपटांची लोकप्रियता मात्र बऱ्याच अंशी ज्या लावण्या प्रेक्षकाने ओलांडून जायच्या त्याच लावण्यांवर उभी होती, हा या जिन्याचा मौजेचा भाग.

प्रत्यक्ष परंपरेत असा जिना सापडत नाही. तमाशा गणाने सुरू होतो, मग गवळण येते, मग बतावणी आणि वग. देवाचे नमन आणि शृंगाराची थट्टा एकाच रात्रीची, एकाच मंचावरची. गवळण हा रचनाप्रकार तर वारकरी भजनातही आहे आणि तमाशातही. तिला कामाच्या कप्प्यात टाकावे की सेवेच्या, याचे उत्तर वर्गवारीजवळ नाही. कलगी-तुऱ्याची भेदिक लावणी अध्यात्मावर वाद घालते. आणि आधुनिक काळातील साक्ष हवी असेल तर माडगूळकरांचीच घ्यावी. छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाले. 'बुगडी' आली ती त्यानंतर, १९५९ मध्ये. जिना मानावयाचा तर कवी रामाच्या पायांपासून खाली उतरला असे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही, कारण ते हास्यास्पद आहे. परंतु हास्यास्पद आहे तो निष्कर्ष नव्हे, ज्यातून तो निघतो ती चौकट.

तिन्ही उद्दिष्टे एका गीतात कशी एकजीव होतात हे पाहण्यासाठी अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड पुरेशी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती गावोगाव गायली गेली. प्रियेच्या विरहाने ती सुरू होते. परंतु विरहाचे कारण दैव नाही, दारिद्र्य आहे, पोटासाठी मुंबई गाठावी लागली हे आहे. आणि तोच विरह पुढे महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचा विरह होतो. काम, अर्थ आणि लोककार्य यांचा असा सांधा अर्थ गाळून जुळवताच आला नसता. ज्याने गिरणगाव पाहिले होते त्या शाहिराला हे सांगावे लागले नाही; पुरुषार्थांचा तक्ता मांडणाऱ्या समीक्षकाला मात्र सांगावे लागते.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला देशीवादाचा. पुरुषार्थांची चौकट निदान आपल्या मातीतली आहे. ती टाकून देऊन वर्ग, जात, लिंगभाव या आयात संकल्पनांनी लावणी-अभंगांचे मोजमाप का करावे? या आक्षेपात तथ्य असते, जर पुरुषार्थविचार जसा होता तसा वापरला जात असता. पण वर दाखवल्याप्रमाणे प्रचलित चौकटीत सेवा बाहेरून आणली गेली आहे आणि अर्थ आतून काढून टाकला गेला आहे. अर्थाची आठवण वात्स्यायन करून देतो, सेवेच्या जातीची आठवण मनू करून देतो आणि हिशेबाची आठवण चोखामेळा करून देतो. यांतील कोणीही आयात नाही. शिवाय 'देशी' याचा अर्थ संस्कृत शास्त्रग्रंथ एवढाच घेतला, तर देशीपणाचा दावा करणाऱ्यानेच गीतांची स्वतःची मीमांसा डावललेली असते.

दुसरा आक्षेप सौंदर्यवादी आहे आणि अधिक गंभीर आहे. म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) या ग्रंथाने लावणीला साहित्यकृती म्हणून वाचण्याची दृष्टी दिली. आता पुन्हा तिच्यावर समाजशास्त्राचे ओझे लादले, तर तिची लय, तिचा ठसका, तिची भाषिक चतुराई हरवणार नाही काय? हरवणार नाही, उलट तेव्हाच ती नीट ऐकू येईल. लावणीचा ठसका घासाघिशीतून येतो. जी बाई देणाऱ्याला दाद देते आणि त्याच श्वासात त्याची टर उडवते, तिची चतुराई व्यवहार वगळून कळणे शक्य नाही. समोरच्याचे पैसे हवे आहेत आणि त्याला आपला मालक मात्र होऊ द्यायचे नाही, हा ताण लावणीच्या शब्दाशब्दांत आहे. त्याला केवळ शृंगार म्हणणे ही रसिकता नव्हे, अर्धवट श्रवण आहे.

या ताणाची सर्वांत खोल जाण जनाबाईच्या अभंगांत आहे. नामदेवांच्या घरची ती दासी. तिची सेवा व्रताची नव्हती, घरकामाची होती. दळण, कांडण, झाडलोट, शेणी. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो ही सेवा स्वीकारायला येत नाही, करायला येतो. तो जात्याला हात लावतो, केर भरतो, शेणी वेचतो. देवालाच दासीचा सेवक करणारी ही कल्पना सेवाभावाच्या कोणत्याही व्याख्येत मावत नाही. तिच्याच नावावरील आणखी एका अभंगात ती लाज सोडून, पदर खांद्यावर घेऊन बाजारात निघते आणि स्वतःला विठ्ठलाची वेसवा म्हणवते. दासी, भक्त आणि बाजारातली बाई, या तिघींना पुरुषार्थाच्या चौकटीने तीन वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडले होते. जनाबाई त्यांना एका देहात आणते. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत या जनीचा विठू दळायला येतो, आणि त्यांत बाबासाहेबही आहेत. दळणाऱ्या बायकांनी जनाबाई सेवेचा आदर्श म्हणून जपली नाही. हातातले काम वाटून घेणारा कोणीतरी असावा, ही तिची मागणी त्यांनी जपली.

तेव्हा गीत कोणता पुरुषार्थ प्रतिबिंबित करते, हा प्रश्न बाजूला ठेवून समीक्षेने अधिक साधे प्रश्न विचारावेत. गीतातले सुख कोणाचे आणि श्रम कोणाचे? सेवा पत्करलेली की नेमून दिलेली? मोबदला ठरला होता काय, आणि तो मिळाला काय? या प्रश्नांची उत्तरे गीतांत आहेत. शालूच्या मागणीत आहेत, उष्ट्याच्या पाटीत आहेत, जात्याच्या दुसऱ्या हातात आहेत. ती वाचता न येणाऱ्या समीक्षेने पुरुषार्थांचे नाव घेण्यापूर्वी निदान चारही मोजून घ्यावेत.